राबणे म्हणजे व्यायाम नव्हे

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या पेशंटला "रोज व्यायाम काय करता?" असे विचारले की मला दोनच प्रकारची उत्तरे मिळतात. पुरुष सांगतात, "रंकाळ्याला एक राउंड मारतोय." बायका सांगतात, "दिवसभर राबतोय की वो घरात, आनि येगळा कशाला व्यायाम?" (कोल्हापूरची बाई स्वतःबद्दलही "राबतोय" असेच म्हणते, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.) पुरुषाने सांगितलेला राउंड आठवड्यातून दोनदा झालेला असतो आणि त्यानंतर गाडीवरच्या पोह्यांचाही एक राउंड होतो, हे थोडे खोदून विचारले की कळते. बाईच्या उत्तरात मात्र खोटे काहीच नसते. ती खरोखरच राबत असते. तरीही तिची शुगर उतरत नाही, जिना चढताना धाप लागते, गुडघे कुरकुरतात. मग ती विचारते, "एवढं करूनबी असं का?" प्रश्न रास्त आहे. "रोज तासभर चाला" एवढे बोलून तिला वाटेला लावणे मला पटत नाही.

ती किती राबते, याचे मोजमाप सरकारनेच करून ठेवले आहे. लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी केंद्र सरकारचे सांख्यिकी कार्यालय करते. २०२४ सालच्या पाहणीत घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटे, आणि पुरुषाचा ८८ मिनिटे. त्यातही हे ८८ मिनिटांचे गणित घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आहे. जे हातच लावत नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत. आधीच्या, २०१९ सालच्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, तर पुरुषाचीही नऊ वाचली!

आता दुसरा आकडा पाहा. जगभरच्या शारीरिक हालचालींचा एक मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के बायकांची आणि ४२ टक्के पुरुषांची हालचाल प्रकृतीला आवश्यक तेवढी होत नव्हती. या अभ्यासात केवळ फिरायला जाणे किंवा खेळणेच नव्हे, तर नोकरीतले काम, घरकाम, ये-जा असे सगळे धरलेले होते. म्हणजे घरकाम मोजूनही बाई मागेच. पाच-पाच तास राबणारी बाई आळशी ठरते, हे वाचून एखादीला रागच येईल. पण यात आळसाचा प्रश्न नाही, कामाच्या जातीचा आहे.

भाकरी थापणे, भाजी निवडणे, ओट्याशी उभे राहून दोन वेळचा स्वयंपाक करणे, कपड्यांच्या घड्या घालणे या कामांनी पाय दुखतात, कंबर धरते, जीव मेटाकुटीला येतो. पण श्वास वाढत नाही आणि हृदयाचे ठोकेही फारसे चढत नाहीत. हृदयाला आणि स्नायूंना फायदा होण्यासाठी जी मध्यम हालचाल लागते, तिची खूण सोपी आहे. चालता चालता बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येता कामा नये. ओव्या म्हणत म्हणत दळण होत असे, त्यावरून काय ते समजा. अर्थात जात्यावर पहाटे दोन-तीन पायल्या ओढणे हे खरेच ताकदीचे काम होते. मिक्सर आणि गिरणी आल्याने ते गेले, आणि बरे झाले गेले. जुन्या बायका दणकट होत्या असे म्हणून ते दिवस परत मागणाऱ्यांनी आधी महिनाभर स्वतः जाते ओढून पाहावे.

हालचाल आणि हृदय यांचे नाते पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसले ते लंडनच्या बसमध्ये. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या वाहतूक कंपनीतले सुमारे ३१ हजार कर्मचारी अभ्यासले आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर सौम्य. पुढे त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर नोकरीला लागतानाच जास्त मापाची होती असेही दिसले, म्हणजे श्रेय निव्वळ जिन्याचे नव्हते. पण मुद्दा टिकला आणि जगभर व्यायामाचा प्रचार त्यावर उभा राहिला. माझा मुद्दा वेगळाच आहे. ते ३१ हजार सगळे पुरुष होते. त्या काळच्या हृदयविकाराच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांची हीच गत. पुरुषांवरून काढलेले माप बायकांनाही तसेच लावले गेले.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फावल्या वेळातली हालचाल जितकी जास्त, तितका हृदयविकार कमी आढळला. उलट पोटापाण्याच्या कामातले कष्ट जितके जास्त, तितका धोका अधिक. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेगाने, थकल्यावर थांबण्याची मुभा ठेवून केलेली हालचाल वेगळी, आणि विश्रांतीशिवाय तासन्‌तास करावी लागणारी मजुरी वेगळी. यात स्त्री-पुरुष भेद नाही. इचलकरंजीत मागावर बारा तास उभा राहणारा कामगार आणि शिरोलीच्या फाउंड्रीतला मोल्डर यांनाही हेच लागू आहे. ऊसतोडीच्या बायकांचे तर विचारूच नका. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणे यापेक्षा जड काम शोधून सापडणार नाही. पण २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा या कष्टाळू शरीरांची खरी अवस्था सर्वांसमोर आली. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलेले असेल, तर अशा बाईची हाडे तिशी-पस्तिशीतच झिजू लागतात. कष्टाने तिला तब्येत दिली नाही.

आता शरीराकडे वळू. बाई म्हणजे लहान मापाचा पुरुष नव्हे, हे मान्य करायला आमच्या शास्त्राला बराच उशीर लागला. तिचे हृदय आकाराने लहान, स्नायूंचे प्रमाण कमी. रक्तातले हिमोग्लोबिनही निसर्गतःच थोडे कमी. पुरुषात ते १३ ग्रॅमच्या खाली गेले की आम्ही पंडुरोग म्हणतो, बाईत १२ च्या खाली. त्यामुळे नवराबायको एकाच वेगाने चालले, तर बहुधा तिच्या शरीराला त्याच्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. रंकाळ्यावर तो दहा पावले पुढे आणि ती पदर सावरत मागे, असे जोडपे पुष्कळदा दिसते. तो वळून "चल की भराभर" म्हणतो. अहो, तिचा व्यायाम तुमच्यापेक्षा जास्त होतो आहे!

हे मी तिची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. अमेरिकेत चार लाखांहून अधिक प्रौढांची दोन दशकांची माहिती तपासून २०२४ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी दिसला. बायकांत तेवढाच फरक १४० मिनिटांतच दिसला, आणि ३०० मिनिटांत तो २४ टक्क्यांवर गेला. स्नायूंच्या ताकदीच्या व्यायामातही पुरुषांना आठवड्यातून तीनदा करून जे साधले, ते बायकांना एकदा करून साधले. असल्या अभ्यासांतून कार्यकारण ठामपणे सिद्ध होत नाही. पण "आमच्याकडनं काय तासभर व्हायचं न्हाई" म्हणून सगळेच सोडून देणाऱ्या बाईला सांगण्याजोगे हे नक्कीच आहे. तुला तासाची गरजच नाही. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास पुरे.

मात्र त्याआधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत पंडुरोग आढळला, पुरुषांत २५ टक्के. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक बायका त्यात येतात. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला धाप लागते ती व्यायामाच्या अभावाने नव्हे, रक्ताच्या अभावाने. तिला चालायला पाठवणे म्हणजे तेलाविना गाडी पळवणे. लोहाच्या गोळ्या तीन महिने नेमाने घ्याव्यात, त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास उत्तम. आणि पाळीत अंगावरून फार जात असेल, तर ते "बायकांचं असायचंच" म्हणून अंगावर काढू नये.

दुसरी गोष्ट हाडांची. आपल्याकडे बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. मोरीत पाय घसरून हात टेकला आणि मनगट मोडले, अशी पन्नाशीतली बाई पावसाळ्यात दवाखान्यात येतेच येते. नुसत्या चालण्याने हे भागत नाही; हाडांना आणि स्नायूंना वजन पेलावे लागते. आपल्या जुन्या खेळांत हे होते. गौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, घागर घुमवणे, यातली प्रत्येक उडी पायांच्या हाडांना बळकटी देणारी. आजही कोल्हापुरात झिम्मा-फुगडीच्या स्पर्धांना गर्दी होते. फक्त वर्षातून दोनदा फुगडी घालून हाडे मजबूत होत नाहीत, आणि गुडघे गेल्यावर पन्नाशीत एकदम उड्या मारणेही शहाणपणाचे नाही. मी बायकांना भिंतीचे जोर आणि खुर्चीच्या बैठका सांगते. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला टेकायचे, कोपरात वाकून छाती भिंतीजवळ न्यायची आणि परत मागे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे. दोन्ही दहा-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. "अगंबाई, पैलवान करताय काय?" असे एका आजींनी विचारले. चार महिन्यांनी त्या जमिनीवरून आधाराशिवाय उठू लागल्या, तेव्हा त्यांनीच शेजारणीला शिकवले.

तिसरी गोष्ट बायका दार लोटून, आवाज खाली करून सांगतात. "बाई, भराभर चाललं, शिंकलं, की कपडे ओले होतात." बाळंतपणांनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्याचा हा प्रकार. कितीतरी बायका केवळ या भीतीने फिरणे बंद करतात आणि घरात गुडघ्याचे कारण सांगतात. यावर साधा व्यायाम आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात ते आवळायचे, पाच सेकंद धरायचे, पाच सेकंद सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. (प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये.) अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड किगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला. गुण यायला तीन महिने लागतात, आणि पुष्कळ जणींना येतो. अंग बाहेर येत असेल तर दाखवून घ्यावे. आणि जिथे जिथे फिरायच्या वाटा आहेत तिथे स्वच्छ, दिवे असलेले स्वच्छतागृह हवे. पुरुषाला त्यावाचून भागते, बाईला भागत नाही. नगरसेवकांनी बाकडी जरा कमी दिली तरी चालतील, पण हे द्यावे.

पण सगळ्यात अवघड प्रश्न वेळेचा आहे, आणि तो रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या घरात दोन म्हशी असल्या की पहाटे पाचला शेण काढणे, वैरण घालणे आणि धार. संध्याकाळी पुन्हा तेच. दूध संस्थेची वेळ चुकवून चालत नाही. म्हणजे डॉक्टर ज्या दोन वेळा फिरायला सांगतात, त्याच नेमक्या म्हशीच्या वेळा. बहुतेक घरांत तो मोटरसायकलवरून किटली संस्थेत नेतो आणि येताना चौकात चार लोकांशी बोलून येतो. शहरातही फार वेगळे नाही. त्या वेळी डबे, शाळेची बस, पाणी भरणे. तो फिरून येतो तेव्हा पोहे तयार असतात. ती फिरायला गेली तर पोहे कोण करणार, हा प्रश्न कुठल्याच व्यायामाच्या पुस्तकात नाही.

म्हणून जोडपे आले की मी एकच कागद देते. तिच्या नावापुढे लिहिते, "सहा ते साडेसहा चालणे." त्याच्या नावापुढे, "सहा ते साडेसहा चहा, नाश्ता, नातवाचे आवरणे." काही हसतात. एका गृहस्थांनी "ही औषधाची चिठ्ठी की घरकामाची?" असे जरा घुश्शातच विचारले. मी म्हटले, औषधाचीच. डोस तिचा, पाजायचा तुम्ही. काही घरांत तो कागद तसाच पडून राहतो, हे मला ठाऊक आहे. सासूबाईंसमोर बूट घालून बाहेर पडायची लाज, गल्लीतल्या नजरा, अंधारे रस्ते हेही खरेच आहे. अशा बाईला मी सांगते, तुकडे कर. पूर्वी आम्ही सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरत नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ती अट काढून टाकली. जेवणानंतर दहा मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर चालले तरी शुगर उतरायला मदत होते. वेगळा व्यायाम न करणाऱ्या सुमारे २२ हजार ब्रिटिश लोकांच्या हाताला हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२४ साली आला. त्यात जिना भराभर चढणे, पिशवी घेऊन झपाट्याने चालणे अशी दमवणारी हालचाल रोज जेमतेम साडेतीन मिनिटे, तीही तुकड्यातुकड्यांनी करणाऱ्या बायकांत हृदयविकाराचे मोठे झटके वगैरे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. पुरुषांत फायदा इतका स्पष्ट नव्हता. हासुद्धा निरीक्षणाचाच अभ्यास आहे, पण भाजी घेऊन येताना शेवटची गल्ली झपाझप चालायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुरुषांविषयी थोडक्यात. त्यांची अडचण वेगळी. कोल्हापूरच्या पुरुषाने कधी ना कधी तालमीची माती अंगाला लावलेली असते, निदान त्याच्या आजोबांनी तरी. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. जोर-बैठका विशीत संपतात. कट्ट्यावरचे धारोष्ण दूध, रविवारचा तांबडा-पांढरा चालू राहतो. मग पंचेचाळिशीत मित्रांनी ठरवले म्हणून एकदम पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड. आठवडाभर खुर्चीत बसून एका दिवसात चाळीस-पन्नास किलोमीटर! तंबाखू, रक्तदाब आणि असे अचानकचे साहस यांची मोट वाईट. आधी दोन-तीन महिने रोज चाला, रक्तदाब आणि शुगर पाहून घ्या, मग खुशाल जा. पुरुषांना हृदयविकार बायकांपेक्षा सात-दहा वर्षे आधी गाठतो, हे विसरू नये.

तालमीचा विषय निघालाच आहे तर एक सुचवावेसे वाटते. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान खुले झाले. या शहराचे शरीर तिथे घडले, पण ते पुरुषांचे. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये यायलाच २००४ साल उजाडले. आता आपल्या मुली मॅटवर उतरतात. तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणले. त्यांच्या मिरवणुका आपण दणक्यात काढल्या. पण त्याच पेठेतल्या पन्नाशीच्या बाईला हातपाय हलवायला चार भिंतींची जागा नाही. जिथे मल्ल राहायला आहेत त्या तालमींविषयी मी बोलत नाही. त्यांची दुपारची झोपही मेहनतीचाच भाग आहे. पण पेठापेठांतल्या इतर तालीम मंडळांची सभागृहे दुपारी दोन ते चार रिकामी असतात. बाईला मोकळीक मिळते ती नेमकी त्याच वेळेत, धुणीभांडी आवरल्यावर आणि मुले शाळेतून यायच्या आत. आठवड्यातून तीन दिवस ती जागा बायकांना द्यावी. यंत्रे नकोत, शिक्षक नको. भिंत, सतरंजी आणि वीस खुर्च्या पुरेत. त्र्यंबोलीच्या यात्रेत पी-ढबाकच्या तालावर डोक्यावर पंचगंगेचे नवे पाणी घेऊन टेंबलाईची टेकडी चढणाऱ्या बायका-मुलींना कुणी नावे ठेवत नाही. मंडळाने जागा दिली की या व्यायामालाही कुणी ठेवणार नाही.

व्यायाम सुरू करणाऱ्या बायकांनी एक लक्षात ठेवावे. हृदयविकाराची कळ छातीतच येईल असे नाही. छातीत दुखणे बायकांतही सर्वांत जास्त आढळते, पण त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला जबड्यात, पाठीत, खांद्यात दुखणे, मळमळ, दरदरून घाम, कारण नसताना आलेला विलक्षण थकवा ही लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात. मधुमेह असेल तर विशेष. चालताना असे काही झाले आणि थांबल्यावर बरे वाटले, तर त्याच दिवशी ई.सी.जी. काढून घ्यावा. थांबल्यावरही पाच-दहा मिनिटांत कमी झाले नाही, तर १०८ ला फोन लावावा. "गॅस झाला असंल" म्हणून ओवा खाऊन रात्र काढू नये, आणि घरातल्यांनी काढू देऊ नये.